उसाची पाळी कुणी बदलली?

इतकी वर्षं उलटली, तरी कारखान्याच्या फाटकात आडव्या टाकलेल्या त्या वाळक्या उसाच्या मोळ्या माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. पानं पिवळी पडून गळलेली, कांडीत रस नाही. मोळ्यांच्या पलीकडे शे-दोनशे शेतकरी मांडी घालून गप्प बसले होते. आरडाओरड करणारा जमाव पोलिसाला परवडतो, त्याच्याशी बोलता येतं. गप्प बसलेल्या जमावाची मात्र भीती वाटते.

मी तेव्हा बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगराला लागून असलेल्या एका ठाण्यात पोलीस निरीक्षक होतो. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. माझे निम्मे शिपाई रोज टँकरच्या बंदोबस्तावर असत. सकाळच्या हजेरीला आधी कुठल्या गावात पाण्यावरून भांडण झालं ते कळायचं, चोऱ्यामाऱ्यांचा विषय त्यानंतर. अशात हद्दीतल्या सहकारी साखर कारखान्यावरून फोन आला, की सभासदांनी फाटक अडवलं आहे, ताबडतोब या.

कारखान्याचं नाव सांगत नाही. माणसांचीही नावं सांगणार नाही. त्यातली बरीच आज सुखानं आपापल्या घरी आहेत.

जमावाच्या पुढे एक उंच, ताठ माणूस बसला होता. फौजेतून निवृत्त होऊन शेती करणारा. मी त्याच्याजवळ जाऊन उकिडवा बसलो आणि विचारलं, "काय झालं, मेजर?"

"साहेब, मी फौजेत होतो. रांग काय असती ते मला कुणी शिकवायची गरज न्हाई," तो शांतपणे म्हणाला. "माझी तोड कावून मागं गेली, तेवढं सांगा. सांगितलं की उठतो."

हे नीट कळायला कारखान्याची रीत माहीत हवी. सभासदानं ऊस लावला की त्या लागणीची तारीख कारखान्याच्या शेतकी खात्यात नोंदवतात. आधी लावलेला ऊस आधी तुटतो. तारखांवरून कॉम्प्युटर पाळी लावतो आणि त्या पाळीनं ऊसतोड टोळ्या रानात जातात. चांगल्या पावसाच्या वर्षी पाळी पंधरवड्यानं मागं गेली तर माणूस कुरकुर करतो आणि विसरतो. पण त्या वर्षी विहिरींनी तळ गाठला होता. टोळ्याही थोड्याच होत्या, कारण आपल्या भागातले बरेच कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांची जोडपी, पश्चिमेकडच्या कारखान्यांवर निघून गेले होते. पाळी मागं गेली की ऊस रानातच वाळायचा.

मेजरचा ऊस तसा वाळला होता. त्याच्याआधी तोड मिळाली होती डोंगराकडच्या एका लहानशा गावाला.

"त्या गावानं लागणीचं बेणं माझ्याच रानातलं नेलं," मेजर म्हणाला. "माझी लागण झाल्यावर उरलेलं बेणं नेऊन लावलं त्यांनी. मग त्यांचा ऊस माझ्याआधी कसा लागला? कॉम्प्युटर तसंच सांगतोय म्हणं."

मी कार्यकारी संचालकांना घेऊन शेतकी खात्यात गेलो. मेजर सांगत होता ते खरं निघालं. त्या गावातल्या बऱ्याच शेतकऱ्यांच्या लागणीच्या तारखा मागाहून बदलल्या होत्या, आणि प्रत्येक बदलापुढे एकच नाव होतं, ते म्हणजे खात्यातल्या कॉम्प्युटर ऑपरेटर बाईंचं. बाई कोपऱ्यातल्या खुर्चीत पांढऱ्याफटक होऊन बसल्या होत्या. तोवर बातमी फाटकापर्यंत गेली होती आणि तिथून शिव्या ऐकू येत होत्या. मी बाईंना मागच्या दारानं, महिला शिपायाबरोबर घरी पोचवलं. कार्यकारी संचालकांनी संध्याकाळच्या आत त्यांच्याविरुद्ध लेखी फिर्याद दिली. गुन्हा नोंदवला. असल्या गुन्ह्याचा तपास निरीक्षकानंच करायचा असतो, म्हणून कागद माझ्याच टेबलावर राहिले.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला. नाव न सांगता एका माणसानं खबर दिली, "त्या बाईनं लई पैसा खाल्ला. घरात नवं फ्रीज आलंय, बघा जाऊन."

महिलेला चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या घरीच जावं लागतं. बाई नेकनूरच्या बाजूच्या एका खेड्यातून रोज एसटीनं कामाला येत. दोन खोल्यांचं घर होतं. फ्रीज नव्हता. दारात टँकरची वाट बघत घागरी आणि प्लॅस्टिकचे कॅन ओळीनं ठेवलेले होते. आदल्या रात्री कुणीतरी दारावर दगड मारले होते, त्याच्या खुणा फळीवर दिसत होत्या. सासूबाईंनी आम्हाला पाणी दिलं, पण आमच्याकडे बघितलं नाही.

माझ्या नोकरीत मी एक पाहिलं आहे. खोटं बोलणारा माणूस बहुधा पहिल्यांदा स्वतःबद्दल बोलतो, मी तसा नाही, माझं घराणं तसं नाही. बाई स्वतःबद्दल बोलल्याच नाहीत. थेट मुद्द्यावर आल्या.

"साहेब, पासवर्ड माझ्या नावचा होता. पण माझा एकटीचा नव्हता."

"म्हणजे?"

"शेतकी अधिकारी वापरायचे, गावोगाव नोंदी घेणारी पोरं वापरायची. संचालकांचा माणूस आला तरी माझ्याच खुर्चीत बसायचा. सगळ्यांना माहीत होता. कारखान्याचं नाव आणि पुढं एक-दोन-तीन."

"तुम्ही बदलला का नाही?"

"एकदा बदलला होता. दुसऱ्या दिवशी अधिकारी ओरडले, माझं काम अडलं म्हणून. परत तोच ठेवावा लागला. सगळ्यांना वेगवेगळे द्या म्हणाले मी, तर नवीन सॉफ्टवेअर लागतंय म्हणाले. यंदा दुष्काळ हाय, पुढच्या वर्षी बघू." मग म्हणाल्या, "साहेब, माझ्या नावानं काय काय झालं असंल ते मलाच माहीत नाही. मी नाही केलं असं मी सांगीन, पण दाखवू कसं?"

मी जबाब लिहून घेतला आणि निघालो. त्यांना अटक करावी असा कारखान्याचा आग्रह होता, वरूनही एक-दोन फोन आले. मी सांगितलं की बाई कुठं पळून जात नाहीत आणि पुरावा तर कॉम्प्युटरमध्ये आहे. शेतकी खात्याच्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क पंचांसमक्ष काढून सीलबंद केली आणि जिल्ह्याच्या सायबर शाखेकडे पाठवली.

कार्यकारी संचालक शिकलेले, मनानं सरळ गृहस्थ होते. पंचनाम्यावर सही करताना ते म्हणाले, "साहेब, भंगार चोरीला जाऊ नये म्हणून आम्ही मागच्या कंपाउंडला रात्रंदिवस वॉचमन ठेवलाय. पण कॉम्प्युटरमधून कोण काय उचलून नेणार, असं वाटायचं." त्यांच्या बोलण्यात बचाव नव्हता. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि तेव्हा बहुतेकांना तसंच वाटत असे.

सायबर शाखेचा अहवाल यायला वेळ लागणार होता. दरम्यान माझ्या ठाण्यातले एक जुने हवालदार चहा पिता पिता जे बोलले, त्यानं तपासाला खरी दिशा मिळाली. हवालदार धारूरकडचे. डोंगरातली गावं त्यांना तोंडपाठ होती.

"साहेब, मला एक कोडं पडलंय," ते म्हणाले. "पाळी पुढं सरकवायची तर ती पुढाऱ्याच्या गावाची सरकती. संचालकाच्या भावकीची सरकती. हे गाव म्हणजे कुणीच न्हाई. ना संचालक, ना सभापती, ना मोठा मुकादम. इलेक्शनच्या टायमालासुदिक तिथं जीप जात न्हाई. मग ह्यांचंच नशीब कसं उघडलं?"

मी चहाचा कप खाली ठेवला. आमच्याकडे वशिल्याचा नकाशा सगळ्यांना ठाऊक असतो, आणि हे गाव त्या नकाशावर कुठेच नव्हतं. म्हणजे वाट दुसरी होती. जिथं सत्तेचा धागा सापडत नाही, तिथं सोयरिकीचा शोधावा, असा माझा अनुभव आहे.

आम्ही दोघं साध्या कपड्यांत त्या गावी गेलो. मारुतीच्या पारावर चार माणसं बसली होती. हवालदारांनी तंबाखू मळत दुष्काळाच्या गप्पा काढल्या. कुणाच्या बोअरला पाणी आहे, कुणी जनावरं विकली. मग सहज म्हणाले, "तुमचं बरं हाय राव, ऊस तरी येळेवर गेला."

एक म्हातारा खुशीत हसला. "ते आमच्या गावच्या सुनंच्या भावाची कृपा. बीडला कॉम्प्युटरचं दुकान हाय त्याचं. लई हुशार गडी. बहिणीच्या उसाचं काम त्यानं बसल्या जागी केलं, मग आमी म्हणलो, आमचं बी बघ की बाबा."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. कुणी कुणाला गप्प केलं नाही. आम्ही कोण हेही कुणी विचारलं नाही. परत येताना हवालदार हळूच म्हणाले, "साहेब, ह्यांनी तर लपिवलंच न्हाई." मी म्हणालो, माणूस चोरी लपवतो, उपकार सांगत सुटतो. ह्या लोकांच्या लेखी हा उपकारच होता.

कारखान्यात चौकशी केल्यावर बाकीचं जुळत गेलं. तो दुकानदार दोन हंगामांपूर्वीपर्यंत कारखान्याच्या कॉम्प्युटरच्या देखभालीचं काम बघत होता. खर्च कमी करायचा म्हणून कारखान्यानं त्याचं कंत्राट पुढं चालवलं नव्हतं. मग सायबर शाखेचा अहवाल आला. ऑपरेटर बाईंच्या कॉम्प्युटरमध्ये बाहेरून जोडून घेण्याचं सॉफ्टवेअर टाकलेलं होतं. तारखा बदलल्या त्या साप्ताहिक सुट्टीच्या दुपारी, शेतकी खात्याची खोली कुलूपबंद असताना. कॉम्प्युटर बंद करत जाऊ नका, चालू होताना अडतो, असं त्या दुकानदारानंच पूर्वी सांगून ठेवलं होतं, आणि ते सगळे पाळत आले होते. इंटरनेट कंपनीकडून उत्तर मागवलं, तेव्हा जोडणी बीडच्या त्याच्या दुकानातून झाल्याचं कळलं. त्या दुपारी बाई कुठं होत्या हेही आम्ही तपासलं. गावातल्या बायांनी सांगितलं, "कुठं जाणार? सुट्टीच्या दिवशी टँकर येतो. घागरी लावून आमच्यासंगं हुभी असती."

मी त्या दुकानदाराला नोटीस देऊन बोलावलं. तिशीतला, चष्मा लावणारा, मृदू बोलणारा माणूस. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. अशा माणसावर आवाज चढवून उपयोग नसतो, तो मिटून जातो. मी त्याला समोर बसवलं, चहा मागवला आणि म्हणालो, "मला कॉम्प्युटरमधलं फार कळत नाही. तुम्ही कारखान्याचं काम कसं करत होता, ते समजावून सांगा."

त्यानं छान समजावलं. दर वेळी बीडहून यायला नको म्हणून बाहेरून जोडणी ठेवली होती, हेही सांगितलं. मग म्हणाला, "पण साहेब, माझं कंत्राट तर कधीच संपलं."

"मग त्या जोडणीची किल्ली परत केली?"

चष्मा काढून रुमालानं पुसू लागला.

"कुणी मागितलीच न्हाई, साहेब."

"आणि तुम्ही दिली नाही."

त्यानं चष्मा परत डोळ्यांवर चढवला. बाहेर वायरलेसवर कुठल्याशा टँकरच्या भांडणाचा संदेश चालला होता. शेवटी त्यानं सुरुवात केली.

"बहिणीचा फोन आला होता. रडत होती. विहीर आटली, ऊस डोळ्यांदेखत वाळतोय म्हणाली. तिची तोड किती लांब हाय एवढं बघायलाच मी उघडलं. खरंच, नुसतं बघायला. जुना पासवर्ड टाकला, चालतो का बघू म्हणून. तर चालला." त्यानं मान खाली घातली. "तारीख बदलायला काहीच लागलं न्हाई, साहेब. दोन आकडे. मग दाजींनी गावात सांगितलं. लोक दुकानावर यायला लागले. बहिणीच्या सासरची माणसं, न्हाई कसं म्हणणार? कुणी गहू आणून दिला, कुणी तूप. मला वाटलं, एक-दोघांची पाळी पुढं सरकली तर कुणाचं काय जातंय?"

"पुढं सरकलेल्या प्रत्येकाच्या मागं कुणीतरी ढकललं जातं," मी म्हणालो. "फाटकात वाळका ऊस टाकला होता, फोटो बघितला?"

"बघितला."

"आणि ऑपरेटर बाईंवर गुन्हा दाखल झालाय, ते?"

त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "पेपरात वाचलं. कारखान्यावर गेलो की मला आधी पाणी द्यायच्या त्या. मी स्वतःला समजावलं, की त्या निर्दोष हायत, सुटतीलच."

"निर्दोष माणूस आपोआप सुटत नसतो," मी म्हणालो. "कुणाला तरी सोडवावं लागतं. त्यांच्या दारावर लोकांनी दगड मारले. तुम्ही एक फोन केला असता तर ते थांबलं असतं."

तो रडला. मी त्याला रडू दिलं आणि मग रीतसर अटक केली. त्याची दया आली नाही असं म्हणणार नाही. बहिणीसाठी जीव तुटणारा भाऊ कुणाला कळत नाही? पण मेजरच्या उसालाही कुणीतरी पाणी घातलं होतं, आणि बाईंच्या घरी तेव्हा कुणी नीट जेवत नव्हतं.

पुढे कोर्टात खटला चालला. शिक्षा झाली, फार मोठी नाही. पण त्याच्या कितीतरी आधी, अटकेनंतर लगेच, बाईंविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल मी कोर्टाला सादर केला आणि त्यांचं नाव गुन्ह्यातून निघालं. त्याची प्रत द्यायला मी स्वतः त्यांच्या घरी गेलो. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि सासूबाईंच्या हातात दिला. सासूबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी तो तसाच देवापुढे नेऊन ठेवला.

मी तिथं असतानाच मेजर आला. सोबत बायको होती. तो दारातच उभा राहिला, आत यायला तयार नव्हता.

"ताई, फाटकावर मी तुमच्याबद्दल नको ते बोललो," तो म्हणाला. "चूक झाली. लोकं बी माझं ऐकूनच चिडली. दगड मारणाऱ्यात मी नव्हतो, पण आग मी लावली."

बाई म्हणाल्या, "तुमचा ऊस गेला, भाऊ. तुम्ही कुणावर तरी चिडणारच. आत या."

कारखान्यानं त्यांना पुन्हा कामावर बोलावलं. त्याच महिन्यात चेअरमननी संचालक मंडळाच्या बैठकीला मलाही बोलावलं. कॉम्प्युटरच्या सुरक्षेवर खर्च करायचा की नाही, हा विषय होता. चेअरमन बेरकी पण रोखठोक माणूस. म्हणाले, "साहेब, आमी शेतकरी माणसं. सरळ सांगा. दुष्काळात गाळपाला ऊस न्हाई, कामगारांच्या पगाराची मारामार, आन त्यात हे. करावं का करू नये?"

मी सांगितलं, की निम्मं काम तर फुकटात होण्यासारखं आहे. ज्याची त्याची किल्ली वेगळी ठेवा. माणूस काम सोडून गेला की त्याची किल्ली त्याच दिवशी बंद करा. बाहेरचा कुणी आत जोडून घेत असेल तर त्याला तेवढ्यापुरतंच उघडून द्या. याला पैसा लागत नाही, शिस्त लागते. उरलेल्या निम्म्याला पैसा लागेल. कुणी कधी काय बदललं याची खरी नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, तिची रोज वेगळी ठेवायची प्रत, आणि वर्षातून एकदा हे सगळं तपासणारा जाणकार माणूस.

एक वयस्कर संचालक म्हणाले, "एवढा खर्च करून दिसणार काय? गाळप वाढणार हाय का?"

"काहीच दिसणार नाही," मी म्हणालो. "वर्षभर काही घडलं नाही, हेच दिसेल."

त्यावर थोडे हसले, थोडे कुजबुजले. विषय पुढच्या बैठकीवर ढकलला जाणार असं माझ्या लक्षात आलं. असल्या बैठका मी पुष्कळ पाहिल्या होत्या. तेवढ्यात चेअरमनच्या काय मनात आलं कुणास ठाऊक, त्यांनी ऑपरेटर बाईंना आत बोलावून घेतलं. "ताई, तुमी रोज ते यंत्र चालवता. तुमचं काय म्हणणं हाय?"

बाई पदर सावरून उभ्या राहिल्या. एवढ्या माणसांपुढे बोलायची त्यांना सवय नव्हती.

"माझी चूक झाली तर मला शिक्षा द्या, मी तोंड वर करणार नाही," त्या म्हणाल्या. "पण चूक कुणाची झाली, ते कळायची सोय करा."

ठराव त्याच बैठकीत मंजूर झाला.

आता मी निवृत्त आहे. पतसंस्थावाले, दूध संघवाले, आडत व्यापारी कधीकधी भेटायला येतात आणि तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतात. आमचा धंदा लहान, आमच्याकडं चोरण्यासारखं काय, खर्च करावा का? पूर्वी मी त्यांना चोरांच्या तऱ्हा सांगत बसायचो. ते ऐकायचे, मान डोलवायचे आणि घरी जाऊन विसरायचे, कारण प्रत्येकाला वाटतं की चोर दुसऱ्याकडे जाईल.

हल्ली मी वेगळं सांगतो. म्हणतो, चोराचा विचार सोडा. उद्या तुमच्याकडच्या नोंदीत काही खोटं निघालं, तर पहिला आळ कुणावर येईल, तेवढं आठवा. तुमच्याकडे तो माणूस आहेच. सकाळी सगळ्यांआधी येऊन कॉम्प्युटर चालू करणारा, ज्याच्या नावावर सगळे काम उरकतात आणि ज्याला कुणी कधी विचारलं नाही. आज घरी जायच्या आधी त्याच्याशेजारी जरा बसा. खर्च करायचा की नाही, ते मग तुम्हीच ठरवा.